भाद्रातली घरघर

आपल्याकडे अजून श्रावण चालू असतो आणि इथे कोलकात्यात भाद्र लागलेलाही असतो. बंगाली महिने आपल्या महिन्यांच्या जरा पुढे चालतात. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात मंगळागौर असते आणि खाली बाजारात पिकलेल्या ताडफळांचा गोड, जडसर वास सुटलेला असतो. पाऊस पडतो, मध्येच थांबतो, आणि ढगांच्या फटीतून असं ऊन उतरतं की अंगातून वाफ निघावी. इथल्या बायका त्याच उन्हाची वाट बघत असतात. ट्रंका उघडतात, रेशमी साड्या, रजया, लोकरीचे कपडे ऊन खायला बाहेर येतात. न्यू टाउनमधल्या आमच्या उंच इमारतीतसुद्धा समोरच्या गॅलऱ्या एका सकाळी अचानक रंगीत होतात. तेव्हा मला कळतं, भाद्र आला.

मग दुपारी वॉशिंग मशीन लावताना माझा हात थबकतो.

आताचं मशीन नवं आहे, पुढून उघडणारं. चालू आहे की बंद, ते वाकून बघावं लागतं इतकं मुकं. तरी कपडे पिळायची वेळ आली की मी त्या खोलीतून उठून जाते. सुनीलला, माझ्या नवऱ्याला, हे माहीत आहे. तो टीव्हीचा आवाज थोडा वाढवतो.

तेव्हा आम्ही बराकपूरला राहत होतो. सुनील एका सरकारी कंपनीत मेकॅनिकल इंजिनिअर, नागपूरहून बदली होऊन आलेला. गंगेपासून जवळ, एका अरुंद गल्लीत, जुन्या दुमजली घराचा वरचा मजला आम्हाला भाड्यानं मिळाला. जाड भिंती, हिरव्या झडपांच्या खिडक्या, छताला लोखंडी तुळया. खालच्या मजल्यावर घरमालकीण आणि त्यांची मुलगी. घरमालकीणबाईंना सगळी गल्ली माशिमा, म्हणजे मावशी, म्हणायची. मीही म्हणू लागले. मुलगी रुमादी पन्नाशी ओलांडलेली, अविवाहित, मुलींच्या शाळेत सकाळच्या सत्रात शिकवायची आणि जेवणवेळेच्या आत घरी यायची.

माशिमांची ऐंशी उलटली होती. आठवण येऊन-जाऊन असायची. कधी मला "बौमा", म्हणजे सूनबाई, म्हणून जवळ बसवून माझ्या माहेरची चौकशी करायच्या, कधी तोंड उघडून बघत राहायच्या, ही कोण बाई जिन्यावरून उतरली म्हणून. जेवायला अजिबात तयार नसत. रुमादी ताट घेऊन मागे-मागे आणि त्या ओठ घट्ट मिटून फाटकाकडे बघत बसलेल्या, हे रोजचं. त्यांच्या हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या होत्या, भांगात सिंदूर. म्हणून मी समजले, यजमान असतील कुठेतरी, एखाद्या नातेवाइकाकडे वगैरे. विचारलं नाही. भाडेकरूनं आल्या आल्या असलं काही विचारू नये.

त्या वर्षी पाऊस हटेना. नागपूरला धुणं गच्चीवर टाकलं की तासाभरात कडक वाळायचं. इथे उशीचा अभ्रासुद्धा तीन-तीन दिवस दोरीवर लोंबायचा आणि वाळण्याआधी कुबट व्हायचा. घरभर दोऱ्या बांधलेल्या, कुठेही गेलं तरी गालाला ओलं कापड लागायचं. मला दमा आहे. त्या ओलीनं तो उसळला. डॉक्टर म्हणाले, ओले कपडे घरात वाळवू नका. मग कुठे वाळवू, हे त्यांनी सांगितलं नाही.

आमचं मशीन जुनं, वरून झाकण उघडणारं. त्यातून निघालेल्या कपड्यांतून पाणी ठिबकायचं. सुनीलनं एका रविवारी ते भिंतीपासून ओढलं, मागचं झाकण उघडलं आणि टॉर्च घेऊन जमिनीवर आडवा झाला.

"मशीन वाईट नाहीये," तो आतून म्हणाला. "फिरतं हळू. मोटारवरची पुली लहान आहे. ती मोठी बसवली की ड्रम जोरात फिरेल. सायकलचंच गणित आहे."

"आणि उडालं तर?"

"मी इंजिनिअर आहे ना गं."

"तू फायली वाचणारा इंजिनिअर आहेस."

तो हसला, पण ते त्याला लागलं असावं. कारण पुढच्याच आठवड्यात त्यानं मापं घेऊन स्टेशनमागच्या एका लेथवाल्याकडून नवी पुली करून आणली, लांब पट्टा आणला, पायांखाली घालायला रबराचे जाड तुकडे आणले. हात कोपरापर्यंत काळे करून दिवसभर बसला. मध्येच शीळ घालत होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात तो अशी शीळ घालायचा, हे मला तेव्हा आठवलं.

संध्याकाळी त्यानं मला अटी सांगितल्या. "धुणं बादलीत धुवायचं. हे फक्त पिळायला. थोडेच कपडे टाक आणि गोल पसरून टाक. एका बाजूला गोळा झाले तर धडधडेल. धडधडलं की लगेच बंद."

आणि त्यानं बटण दाबलं. आधी नेहमीचा गुरगुराट आला. मग तो चढत गेला, चढतच गेला, आणि एका ठिकाणी जाऊन स्थिर झाला. एकसारखी, खोल घरघर. गंमत म्हणजे ती मशीनमधून आल्यासारखी वाटत नव्हती, जमिनीतून येत होती. खालच्या तुळयांनी तो आवाज उचलला होता. माझ्या तळपायांना मुंग्या आल्या. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी शहारत होतं.

कपडे निघाले ते निम्मे वाळलेलेच. सुनीलनं टॉवेल काढून गालाला लावला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू त्यानं धरण बांधलं होतं.

त्यानंतर मी रोज दुपारी पिळायचे कपडे लावू लागले. माझी छाती वाजायची थांबली. चार-पाच दिवस गेले असतील. एका संध्याकाळी रुमादी जिना चढून वर आली. रुमादी कधी वर येत नसे. मला वाटलं, आली तक्रार.

आम्ही बोलायचो ते अर्धं हिंदीत, अर्धं माझ्या मोडक्या बंगालीत. ती म्हणाली, "मेधा, दुपारी वर काय चालतं?"

"सॉरी रुमादी. मशीन आहे. फार आवाज होतो ना? आम्ही बंद करतो."

"नको नको!" तिनं माझा हातच धरला. "बंद करू नकोस. किती वाजता चालवतेस ते सांग. आज मां स्वतःच्या हातानं जेवली. भात मागून घेतला."

मग ती आमच्या मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. मशीन होतं ती खोली. आत आली नाही. तिथूनच तिनं सांगितलं. तिचे बाबा याच खोलीत बनियन विणायचे. इथे त्यांना गंजी म्हणतात. विणायचं यंत्र होतं, कोपऱ्यात सुताच्या कोनांची रास, आणि दुपारभर सगळं घर असंच घुमायचं. ती खाली त्या आवाजात अभ्यास करायची, तिची आई त्या आवाजात झोपायची. एका भाद्रात ते सकाळी सूत आणायला म्हणून लोकलनं सियालदहला गेले आणि परत आले नाहीत.

"म्हणजे?"

"म्हणजे आले नाहीत. मी शाळेतून आले तर मां फाटकात उभी. रात्र झाली, दुसरा दिवस झाला. काकांनी दवाखाने बघितले, पोलीस चौक्या बघितल्या, रेल्वेवाल्यांना विचारलं. माणूस नाही, निरोप नाही, पायातली चप्पलसुद्धा कुठे मिळाली नाही. घरात भांडण नव्हतं काही. सकाळी मला म्हणाले होते, केसांना तेल लाव."

पुढे यंत्र विकलं. माशिमांनी सिंदूर मात्र पुसला नाही. बारा वर्षं झाल्यावर पुरोहित आला होता सांगायला, की आता क्रियाकर्म करून टाका. माशिमांनी त्याला चहाही न देता वाटेला लावलं.

"आता ती म्हणते, तुझे बाबा आलेत," रुमादी म्हणाली. "वर कामाला बसलेत."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणते, हो."

जाताना जिन्यावर थांबून ती हळूच म्हणाली, "कपडे नसले त्या दिवशीही चालवशील?"

मी चालवू लागले. कपडे नसले की दोन टॉवेल भिजवून टाकायचे. तो भाद्र असा गेला. माशिमा सकाळीच आंघोळ करून, काठ नीट काढून साडी नेसून बसायच्या. दुपारी घरघर सुरू झाली की जेवायच्या, आणि मग त्यांना चहाची आठवण व्हायची. "वर दे, तो विसरतो." रुमादी चहा घेऊन वर यायची. बिनदुधाचा, लिंबू पिळलेला, चिमूटभर काळं मीठ घातलेला चहा, निळ्या कडेच्या कपात. पहिल्या दिवशी तिनं कप माझ्यापुढे धरला आणि दोघींनाही काय करावं कळेना.

"पी ना," ती म्हणाली. "रिकामा कप खाली न्यायला हवा." मी अर्ध्यावर आले तेव्हा म्हणाली, "शेवटचा घोट ठेव. बाबा ठेवायचे."

एका न परतलेल्या माणसाचा चहा मी महिनाभर प्यायले. काळ्या मिठाची ती चव अजूनही कुठे आली की माझ्या पायांखालची जमीन घुमू लागते. त्या खोलीकडे पाठ करून बसायला मला नको वाटू लागलं होतं. मशीन चालू असताना तसं काही वाटायचं नाही; थांबलं की वाटायचं. आवाज उतरत उतरत बंद व्हायचा आणि कुणीतरी काम आवरून उठल्यासारखी खोली रिकामी व्हायची. मी खिडकीच्या झडपा उघडायचे. बाहेर ओलं, पिवळं ऊन, लिंबाच्या झाडावर कावळा, दूर बराकपूर स्टेशनात शिरणाऱ्या लोकलचा भोंगा. त्या भोंग्यालाही मी दचकायचे. आपला काही संबंध नसलेल्या माणसाची वाट बघायची सवय इतक्या लवकर लागते, हे मला माहीत नव्हतं.

सुनीलला हे सगळं आवडत नव्हतं. एकदा खालच्या व्हरांड्यात छताच्या गिलाव्याचा पोपडा पडला, तेव्हा तो मला म्हणाला, "मेधा, हे घर म्हातारं आहे. त्या तुळया रोज हादरतायत. आणि खरं सांगू? त्या बाईंना आपण फसवतोय."

"त्या जेवतात सुनील."

"जेवतात हे बरं आहे. पण कधीतरी मशीन बंद पडेलच. मग?"

 पाऊस ओसरला की महालयाच्या, म्हणजे आपल्या सर्वपित्री अमावस्येच्या, आधी जुनी पुली परत बसवायची, असं आमचं ठरलं.

त्यानंतरची एक दुपार. रुमादी औषधं आणायला बाजारात गेली होती. मशीन ऐन वेगात होतं, मी खिडकीपाशी कपडे घडी करत होते. काहीतरी वाटून मी वळले तर दारात माशिमा. वर्षानुवर्षं न चढलेला तो जिना त्या कशा चढल्या कोण जाणे. धाप लागली होती. एका हातानं चौकट धरलेली, दुसऱ्या हातात तो निळ्या कडेचा कप. चहा बशीत सांडला होता. त्या मशीनकडे बघत होत्या.

मी धावत जाऊन बटण बंद केलं. आवाज उतरायला लागला. तो पूर्ण थांबेपर्यंत आम्ही दोघी तशाच उभ्या. मग त्यांनी पुढे येऊन झाकणावर हात ठेवला, ते उघडलं, आतले दोन ओले टॉवेल बघितले आणि झाकण पुन्हा हलक्या हातानं लावलं.

"मग चहा कोण पीत होतं?" त्यांनी विचारलं.

"मी, माशिमा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी त्यांचे डोळे अगदी स्वच्छ होते. मला वाटलं, आता त्या रडतील किंवा मला बोलतील. त्या स्टुलावर बसल्या, श्वास खाली बसू दिला.

"शेवटचा घोट ठेवत होतीस."

"रुमादीनं सांगितलं होतं."

"हं." त्यांनी कप मांडीवर धरला. "ती कप खाली आणते ना, तेव्हा जिन्यातच थांबते. मला दिसतं. आधी स्वतः त्यात बघते. मग मला दाखवते."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"मी म्हातारी झाले. मला कधी कळतं, कधी कळत नाही. तिला सगळं कळतं, बौमा. तरी ती बघते."  मग म्हणाल्या, "मी वर आले होते हे तिला सांगू नकोस. मी सांगेन. ती यायच्या आत मला खाली ने."

एकेक पायरी उतरत मी त्यांना खाली नेलं. रुमादी आली तेव्हा त्या फाटकाकडे तोंड करून बसल्या होत्या आणि तिला म्हणत होत्या, "आज त्याला चहा मीच देऊन आले," आणि हसत होत्या. रुमादीनं घाबरून वर, जिन्यात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, काही नाही म्हणून. पुढे आठवडाभर सगळं तसंच चाललं. दुपारी घरघर, मग चहा, मग कप खाली. पण आता रुमादी कप घेऊन वळली की मी जिन्यातल्या तिच्या पावलांकडे कान लावायचे. पावलं मध्यावर थांबायची. मग पुन्हा सुरू व्हायची.

सुनीलनं पुली बदलली त्या दुपारी घर फार शांत होतं. मी कपडे बादलीवरच हातानं पिळले. जिन्यावर पावलं वाजली, या वेळी कुठेही न थांबता. रुमादी दारात आली, हातात चहा, चेहरा पांढराफटक.

"चालव," ती म्हणाली.

"रुमादी, पुली काढलीय. आता तो आवाज नाही यायचा."

"मग दुसरं काहीतरी चालव! मिक्सर चालव! मां काय म्हणतेय माहितीये? महालयाला घाटावर जा म्हणते. बाबांना पाणी दे म्हणते. तिला ऐकू येत नाहीये म्हणून ती असं बोलतेय. एकदा आवाज ऐकला की ती विसरेल."

"माशिमा वर येऊन गेल्यात," मी म्हणाले. "त्यांनी मशीन बघितलंय. झाकण उघडून बघितलंय."

"कधी?"

"तुम्ही औषधं आणायला गेला होतात तेव्हा."

 रुमादी आत आली. त्या खोलीत तिनं पाऊल टाकलेलं मी पहिल्यांदा बघितलं. तिनं सगळीकडे नजर फिरवली, कोपऱ्यात, छताकडे. मग हातातला चहा मोरीत ओतला, नळ सोडून कप विसळला आणि जमिनीवर बसून शाळेतल्या मुलीसारखी हमसून रडली. मी शेजारी बसले. खालून माशिमांचा आवाज येत होता, "रुमा, ए रुमा, खाली ये. मी आहे ना."

माशिमा पुढच्या थंडीत गेल्या, झोपेतच. आमचीही नंतर न्यू टाउनला बदली झाली. रुमादी निवृत्त झाली. अजून त्याच घरात राहते. वरचा मजला तिनं पुन्हा भाड्यानं दिला नाही. प्रोमोटर, म्हणजे बिल्डर लोक, घर मागायला येतात, त्यांना ती चहा देते आणि नाही म्हणून सांगते. दुर्गापूजेच्या आधी तिचा फोन येतो, नारळाचे लाडू पाठवते. त्या महिन्याबद्दल आम्ही दोघी कधी बोलत नाही. त्यात काय बोलायचं? एक मशीन जास्त जोरात फिरलं, एवढंच तर झालं. पण ओल्या उन्हाच्या दिवसांत मला वाटत राहतं, की आम्ही नुसतं पाणी काढायला गेलो आणि घरात मुरून बसलेलं काहीतरी वर आलं.

त्या वर्षी महालयाच्या पहाटे मी रुमादीबरोबर घाटावर गेले.  माशिमा घरी राहिल्या. त्यांनी आम्हाला फाटकापर्यंत पोचवलं आणि रुमादीच्या खांद्यावरचा पदर सारखा केला. गल्लीत घराघरातून रेडिओवरचा चंडीपाठ ऐकू येत होता. घाटावर ही गर्दी. कमरेइतक्या पाण्यात माणसांच्या रांगा, पायऱ्यांवर पुरोहित ओरडून मंत्र सांगत होते, तीळ, दर्भ, फुलं पाण्यावर तरंगत होती. गंगेचं पाणी गढूळ आणि चढलेलं. बायका थोड्याच होत्या. रुमादी पाण्यात उतरली, मी मागच्या पायरीवर तिची चप्पल आणि कोरडी साडी धरून उभी राहिले.

पुरोहितानं गोत्र विचारलं. तिनं सांगितलं.

"वडिलांचं नाव?"

 पुरोहिताला घाई होती, मागे माणसं खोळंबली होती. त्यानं पुन्हा विचारलं. रुमादीचे ओठ हलले. काय म्हणाली ते मलाही ऐकू आलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की महिनाभर ज्यांचा चहा मी प्यायले, त्यांचं नावच मला माहीत नव्हतं.

"मोठ्यानं, दीदी. ऐकू येत नाही."

रुमादीनं मान वर केली. समोरच्या एवढ्या मोठ्या पाण्याकडे बघत तिनं सगळा श्वास एकवटून नाव घेतलं. "सुधामय!"

ती हाकच होती. एवढ्या कल्लोळातही ती घाटभर गेली. पायऱ्यांवरच्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी वळून बघितलं. रुमादीही वळली. एकेकाच्या चेहऱ्याकडे तिनं नीट, सावकाश बघितलं. मीही बघत होते.

मग पुरोहित म्हणाला, "ओंजळ पुढे करा." आणि तिनं ओंजळ पुढे केली.